हिरवं पाणी 'जिवंत' म्हणे!

पारोळ्याच्या काकांनी परवा एक मेसेज पाठवला, खाली 'सगळ्यांना पाठवा'. मजकूर असा: तलावांना पर्यावरणाचे निकष लावून ते नापास दाखवायचे आणि प्रादेशिक योजनेत (म्हणजे अख्ख्या भागाच्या जमीनवापराच्या सरकारी आराखड्यात) भोवतालच्या जमिनी अडकवायच्या, असा डाव आहे. जळगावचा मेहरूण असो की धुळ्याचा नकाणे, पाणी हिरवं म्हणजे तलाव जिवंत. गाळ काढा, कारंजी लावा, तपासण्या हा पैसे खायचा धंदा. काका म्हशी तलावावरच नेतात, म्हणून हे लिहिणं आलं.

आधी हिरव्या पाण्याचं बघू. सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद मिळालं की शेवाळ माजतं. उन्हात ते प्राणवायू सोडतं, रात्री तोच ओढून घेतं. त्यामुळे दुपारचा नमुना झकास येतो आणि पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडझाप करत असतात. शेवाळ कुजायला लागलं की उरलासुरला प्राणवायूही संपतो. निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जाती तर विष तयार करतात. असं पाणी पिऊन गुरं मेल्याच्या नोंदी जगभर आहेत. मेसेज लिहिणाऱ्याने आधी स्वतः तांब्याभर पिऊन दाखवावं ना भो!

'सगळेच नापास होणार' हेही खोटं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने वापरानुसार पाण्याचे ए ते ई असे पाच वर्ग केलेत. शुद्धीकरण करून पिण्यासाठी सी वर्ग: विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान 4 मिलिग्रॅम, बीओडी (घाण कुजताना जंतू जेवढा प्राणवायू खातात ते माप) जास्तीत जास्त 3 मिलिग्रॅम. शेतीच्या ई वर्गात प्राणवायूची अटच नाही, तिथे सामू (पीएच), क्षार, बोरॉन बघतात. म्हणजे आधी तलाव कशासाठी ते ठरवायचं, निकष त्यानंतर.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. 2017 चे पाणथळ नियम पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेल्या जलाशयांना लागू नाहीत, तेव्हा कोणी सरसकट तेच दाखवून धमकावत असेल तर शंका घ्यावी. पण म्हणून त्यात गटार सोडायची मुभा मिळत नाही.

गाळ काढावाच, शेतात सोनं आहे ते. पण वरून नाला सुरू असेल तर चार पावसाळ्यांत पुन्हा तेच. कारंजी फोटोपुरती.

राहिली योजना. तलाव पाळीपाशी संपतो, घाण मात्र वरच्या वस्तीतून येते. म्हणून नियोजन अख्ख्या पाणलोटाचं लागतं. 1966 च्या नगररचना कायद्यात प्रादेशिक योजनेच्या विषयांत नद्या-तलावांची सुधारणा आहेच. मसुदा प्रसिद्ध होतो, हरकती मागवतात. जमीन जाणार म्हणता, तर मेसेजात एक तरी गट नंबर दाखवा.