वॉरंटी संपलेलं इंजिन आणि बॉनेटभोवतीचे वैद्य

साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या माणसाला सल्ला विकत घ्यावा लागत नाही. कासला निघालेले थांबतात, दुधाच्या किटल्या घेऊन उतरणारे थांबतात आणि ‘तापली व्हय, पाव्हणं?’ इथून सुरू झालेलं निदान पाचव्या मिनिटाला ‘इंजिन गेलं’ इथं येऊन पोचतं. मग कुणीतरी वॉरंटीची चौकशी करतो. ती संपलेली असते. नसती, तर मालकानं टोईंगला फोन लावला असता आणि एवढी सभा भरलीच नसती.

वॉरंटी संपल्याचं इंजिनाला बरोबर कसं कळतं, यावर पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत भरपूर मतं मिळतात. माझं मत रबराच्या बाजूनं आहे. इंजिनातलं लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम सहसा तग धरतं. आधी मान टाकतात ते त्याचे शेजारी. रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टाक्या, थर्मोस्टॅटचं प्लॅस्टिकचं घर, होज पाइप, वॉटर पंपाचं सील. रोज तापून-निवून ही मंडळी पाच-सात वर्षांत कडक होतात आणि तडकतात. कंपनीची वॉरंटी दोन-तीन वर्षांत आटोपलेली असते. यात कट-कारस्थान शोधायची गरज नाही, वॉरंटी किती वर्षांची द्यायची हे ठरवणाऱ्याला रबराचं वय ठाऊक असतं एवढंच.

गंमत अशी, की मेलेलं इंजिन लाखाची गोष्ट करतं आणि मारणारा भाग काहीशे रुपयांचा निघतो. होज चिरतो, इंजिन गार ठेवणारं कूलंट वाहून जातं, इंजिनाचं वरचं झाकण म्हणजे हेड तापून वाकतं, त्याखालचं सील म्हणजे गॅस्केट उडतं. आपल्याकडे यात दोन स्थानिक भर पडतात. एक, विहिरीचं पाणी. जड पाण्याचा क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो आणि अ‍ॅल्युमिनियम खातो. म्हणून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, ‘आमच्या मळ्यातलं पाणी गोड आहे’ हा युक्तिवाद रेडिएटर मानत नाही. दुसरी भर उसाची. गळीत हंगामात दोन ट्रेलरच्या ट्रॅक्टरमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकताना रेडिएटरला वारा मिळत नाही, सगळी भिस्त फॅनवर असते. फॅनचा रिले, म्हणजे तो चालू-बंद करणारा स्विच गेलाय, हे हायवेवर ऐंशीच्या वेगात कधीच कळत नाही. ते रहिमतपूर रस्त्यावर कळतं.

बऱ्याच छोट्या गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो. गार असताना निळा दिवा आणि तापल्यावर लाल, मधल्या काळात शांतता. काटा असला तरी त्याच्यावर फार विसंबू नये. कूलंट पुरतं वाहून गेलं की सेन्सर हवेत लटकतो, आणि इंजिन आतून भाजत असताना काटा मध्यावर निवांत पडून राहू शकतो. मागच्या सीटवरच्या आजींना गोडसर वास आला, तर तो पेढ्यांच्या पुड्यातूनच येतोय असं गृहीत धरू नये. कूलंटच्या वाफेला तसाच वास येतो.

लाल दिवा लागला तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, काचा खाली आणि पहिली सुरक्षित जागा दिसली की गाडी बाजूला. हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटरच. मे महिन्यात तो लावायला सांगणाऱ्या माणसाशी घरचे दोन दिवस बोलत नाहीत, पण कूलंट शिल्लक असेल तर उपयोग होतो. इंजिन बंद केल्यावर किमान अर्धा-पाऊण तास रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही. आत दाब असल्यामुळे पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की ते एकदम उकळतं, आणि ते तोंडावर. तापल्या ब्लॉकवर बादलीभर गार पाणी ओतणारा एक उत्साही माणूस प्रत्येक घाटात असतो. त्याला अडवा, हेडला तडा जातो.

तेलाच्या किटलीचं चित्र असलेला लाल दिवा मात्र वेगळा. तो लागला की इंजिन तिथंच बंद करायचं. ‘गॅरेजपर्यंत हळूहळू नेतो’ हे वाक्य क्रँकच्या बेअरिंगांचं शेवटचं वाक्य असतं. तेलाचा दाब नसेल, तर त्यांना घासून जायला मिनिटभरही पुरतं.

आता निदान. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर गाडीभोवती एक चक्कर मारून ‘सर, हाफ इंजिन करावं लागेल’ म्हणतो. म्हणजे इंजिन खोलून त्यातले काही भाग बदलायचे. अर्ध्या इंजिनाचा खर्च पूर्ण का, हे नंतर विचारा. आधी विचारा, मोजलं काय? गार इंजिनावर कूलिंग सिस्टिमला पंपानं दाब देऊन गळती कुठून होते ते बघायचं, हे काम अर्ध्या तासाचं. मग रेडिएटरच्या तोंडाशी निळं रसायन धरून बघायचं. जळलेला गॅस कूलंटमध्ये येत असेल तर ते पिवळं पडतं, म्हणजे गॅस्केट उडालंय किंवा हेडला तडा आहे. त्यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात भरणारा दाब. चांगल्या पेट्रोल इंजिनात ते साधारण 10 ते 13 बार भरतं. नुसत्या आकड्यापेक्षा सिलिंडरा-सिलिंडरांतला फरक महत्त्वाचा. एक बाकीच्यांपेक्षा पंधरा टक्क्यांहून मागे पडला की तो गुन्हेगार. त्यात दोन चमचे तेल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंग गेल्या, ढिम्म राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. एवढं सगळं इंजिन न खोलता कळतं, आणि रिपोर्ट जॉब कार्डवर लिहून मागता येतो. मागितला की अ‍ॅडव्हायझरचा ‘सर’ थोडा लांबट होतो.

ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली म्हणून मात्र लगेच हाय खाऊ नये. आपल्याकडच्या पावसाळ्यात, त्यातही महाबळेश्वर-बामणोलीकडे, दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या धडधाकट इंजिनातही वाफ साचून तशी साय धरते. डिपस्टिकवरचं तेलही दुधाळ असेल आणि कूलंटही कमी होत असेल, तेव्हा खरी काळजी.

हेड उतरवलंच, तर लेथवर पाठवायच्या आधी पट्टी आणि फीलर गेजनं त्याचा वाक मोजायला लावा. मर्यादा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असते, बरेचदा 0.05 मिलिमीटरच्या आसपास. तड्यासाठी प्रेशर टेस्टही तिथंच होते. ती टाळून नुसतं फेसिंग मारून, म्हणजे तळ घासून सपाट करून आणलेलं हेड महिनाभरात पुन्हा उतरतं, पुन्हा मजुरीसकट. ताणले जाणारे हेड बोल्ट नवेच घ्यायचे आणि टॉर्क रेंचनं, दिलेल्या क्रमानं आवळायचे. ‘हाताला अंदाज आहे’ म्हणणाऱ्या मिस्त्रीच्या हाताला मनोमन नमस्कार करावा आणि गाडी दुसरीकडं न्यावी. बोअर मारायचं, म्हणजे झिजलेला सिलिंडर कातून मोठा करायचं ठरलं, तर 0.25 किंवा 0.50 मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन तुमच्या इंजिनाला मिळतात का, हे ब्लॉक लेथवर चढायच्या आधी विचारा. चढल्यावर विचारलं तर उत्तर तेच मिळतं, पण उपयोग संपलेला असतो.

जुनं इंजिन आणून बसवायचा सल्ला देणारा ‘कुर्ल्याला आपला माणूस आहे’ असं हमखास सांगतो. असेल बापडा. पण त्या इंजिनाचं बिल आणि मूळ गाडीचे कागद घ्या, कारण नवा नंबर आरसीवर चढवावा लागतो आणि विमा कंपनीलाही कळवावा लागतो. नाहीतर एमएच 11च्या गाडीत भलत्याच जिल्ह्यातल्या चोरीचं इंजिन धडधडत असायचं.

विम्याकडून फार आशा नको. साध्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड आणि झीज बसत नाही. ‘इंजिन प्रोटेक्शन’ हे जोडकलम मुख्यतः पाणी शिरणं आणि तेल गळून झालेलं नुकसान यांच्यासाठी असतं, आणि त्यालाही अटी असतात. सर्व्हिसच्या नोंदी चोख असतील, तर वॉरंटी नुकतीच संपलेली असताना कंपनीकडे सौजन्य म्हणून खर्चात वाटा मागावा. लेखी मागावा, शोरूममध्ये नव्हे तर कंपनीकडे. फोनवरचं ‘बघतो सर’ पुरावा होत नाही. उत्पादनातलाच दोष वाटत असेल, तर साताऱ्याचा जिल्हा ग्राहक आयोग आहे: कारण घडल्यापासून 2 वर्षांत तक्रार, आणि गाडीसाठी मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मात्र दोष मुळातलाच होता हे तज्ज्ञाच्या अहवालानं दाखवावं लागतं. म्हणून इंजिन खोलताना फोटो काढा आणि जुने भाग पोत्यात भरून घरी आणा. बायको त्या पोत्याबद्दल रोज विचारेल. निकाल लागेपर्यंत ते भंगारवाल्याला दिसू द्यायचं नाही.

काम झाल्यावर पहिलं ऑइल आणि फिल्टर हजारेक किलोमीटरला बदलायचं. तोवर एकाच वेगात ताणायचं नाही, गाडी भरून खंबाटकी चढायची नाही. नेमक्या याच हजार किलोमीटरांत मेहुण्याच्या मित्राचं लग्न निघतं आणि वऱ्हाडाला एक गाडी कमी पडते. नव्या रिंग बसायच्यात म्हणून सांगा. नाहीच ऐकलं, तर त्याच्या हातात एस्टिमेट ठेवा.