बहामातील स्त्रियांना मताधिकार आयता मिळाला नाही

बहामा या पूर्वीच्या ब्रिटिश वसाहतीविषयीच्या मजकुरात एक समज वारंवार पुढे पाठवला जातो. तिथल्या स्त्रियांना 1962 मध्ये ब्रिटिशांनी आपणहून मताधिकार दिला, पाठोपाठ सत्तेतही वाटा मिळाला, आज तिथे स्त्री-पुरुष समता पूर्ण झाली आहे आणि नाव घ्यावे अशा बहामी स्त्रिया म्हणजे धावपटूच, असा तो समज आहे. यांपैकी एकही विधान जसेच्या तसे मान्य करता येत नाही.

‘ब्रिटिशांनी आपणहून दिला’ हे विधान सर्वांत अन्यायकारक आहे. अडवणूक मुख्यतः राजधानी नासाऊतील प्रतिनिधीगृहातच होत होती आणि त्या गृहावर ‘बे स्ट्रीट बॉईज’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गोऱ्या व्यापाऱ्यांची पकड होती. मेरी इंग्रहॅम यांनी 1950 च्या दशकाच्या आरंभी सह्यांचा अर्ज फिरवला. पुढे जॉर्जियाना सिमोनेट, युजेनिया लॉकहार्ट, मेबल वॉकर अशा अनेकींनी ही मागणी लावून धरली. डॉ. डोरिस जॉन्सन यांना 1959 च्या जानेवारीत प्रतिनिधींपुढे बाजू मांडायची होती, परंतु सभासद नसलेल्या व्यक्तीला सभागृहात बोलण्याची मुभा नव्हती. अखेर त्यांचे भाषण ऐकण्यासाठी प्रतिनिधींना सभागृह सोडून मॅजिस्ट्रेटच्या न्यायालयात जमावे लागले. एवढे होऊनही त्याच वर्षीच्या निवडणूक कायद्याने एकवीस वर्षांवरील सर्व पुरुषांना मत दिले आणि स्त्रियांना वगळले. जॉन्सन आणि लॉकहार्ट 1960 मध्ये शिष्टमंडळाबरोबर लंडनला वसाहत खात्याकडे गेल्या, 1961 मध्ये कायदा झाला आणि 26 नोव्हेंबर 1962 रोजी स्त्रियांनी प्रथम मतदान केले. दहा वर्षांहून अधिक काळ चाललेल्या या लढ्याला ‘देणगी’ म्हणणे म्हणजे या स्त्रियांचे श्रेय त्यांच्याकडून काढून घेणे होय.

सत्तेतला वाटा पाठोपाठ मिळाला, हेही खरे नाही. जॉन्सन स्वतः 1962 च्या निवडणुकीत उभ्या राहिल्या आणि हरल्या. त्या पुढे पहिल्या महिला सिनेटर, मंत्री आणि सिनेटच्या अध्यक्ष झाल्या खऱ्या. मात्र सिनेटचे सदस्य नेमले जातात. लोकांनी निवडून दिलेली पहिली स्त्री, जेनेट बोस्टविक, प्रतिनिधीगृहात पोहोचली ती 1982 मध्ये, म्हणजे पहिल्या मतदानानंतर वीस वर्षांनी.

धावपटूंचा मान कुणीही कमी लेखू नये. 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये रिलेचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या मुली असोत किंवा 400 मीटरमध्ये रिओ आणि टोकियो अशी लागोपाठ दोन सुवर्णपदके मिळवणारी शॉने मिलर-उइबो असो, इतक्या लहान देशासाठी ही असामान्य कामगिरी आहे. पण जोन सॉयर 1996 मध्ये देशाच्या पहिल्या महिला सरन्यायाधीश झाल्या, हे तितक्याच अगत्याने का सांगितले जात नाही? कवयित्री आणि वकील मॅरियन बेथेल यांना 1994 मध्ये क्यूबाचा ‘कासा दे लास अमेरिकास’ हा मानाचा साहित्य पुरस्कार मिळाला. मताधिकाराच्या चळवळीवर माहितीपट करून त्यांनी त्या पिढीची कहाणी पडद्यावर आणली आणि पुढे स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाचे निर्मूलन करण्यासाठी असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीवरही काम केले. मताधिकार ‘आयता’ मिळाल्याचे लिहिणाऱ्यांनी निदान तो माहितीपट पाहायला हवा होता.

पूर्ण समतेच्या दाव्यासाठी आयव्ही ड्यूमॉन्ट, मार्गरीट पिंडलिंग आणि सिंथिया प्रॅट या महिला गव्हर्नर-जनरलांची नावे पुढे केली जातात. प्रॅट यांचा परिचारिका आणि क्रीडाशिक्षिका ते उपपंतप्रधान हा प्रवास मला विशेष आदराचा वाटतो. तथापि गव्हर्नर-जनरल हा ब्रिटनच्या राजाचा प्रतिनिधी असतो. कारभार पंतप्रधान चालवतात. 2021 च्या निवडणुकीत प्रतिनिधीगृहाच्या 39 जागांपैकी स्त्रियांना 7 मिळाल्या.

खरी मेख राज्यघटनेतच आहे. बहामी पुरुषाने परदेशी स्त्रीशी लग्न केले आणि मूल परदेशात जन्मले, तर ते सामान्यतः जन्मतःच बहामी नागरिक ठरते. परदेशी पुरुषाशी लग्न केलेल्या बहामी स्त्रीच्या परदेशात जन्मलेल्या मुलाला तो हक्क नाही. सज्ञान झाल्यावर त्याला अर्ज करावा लागतो. आई अविवाहित असेल तर मात्र तिचे नागरिकत्व मुलाकडे जाते, म्हणजे लग्न केल्यानेच स्त्रीचा हक्क आक्रसतो. ही तरतूद बदलण्यासाठी 2002 मध्ये आणि पुन्हा 7 जून 2016 रोजी सार्वमत घेण्यात आले. दोन्ही वेळा बहुसंख्य मतदारांनी, ज्यांत स्त्रियाही होत्या, बदल नाकारला.