‘भारतभूमीवर ज्यूंना एकदाही त्रास झाला नाही’ या दाव्याविषयी

गेली काही वर्षे एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे, की जगभर ज्यूंचा छळ झाला, पण भारतभूमीवर दोन हजार वर्षांत त्यांना एकदाही त्रास झाला नाही. ते इथून गेले ते केवळ इस्रायलच्या ओढीने. आणि हिटलरच्या विचाराला या देशात कोणी थारा दिला नाही. यामागचा अभिमान मला समजतो, आणि त्याला आधारही आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून लागलेल्या सात जोडप्यांचे वंशज म्हणवणारे बेने इस्रायल ज्यू कोकणात पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवत राहिले; शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले आणि तो खाडा गावाच्या रहाटीत सामावून गेला. परंतु ‘एकदाही नाही’ असे म्हटले की गोवा इतिहासातून पुसला जातो, आणि ते मला मान्य नाही.

पोर्तुगालने 1497 साली आपल्या ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती केले. या ‘नवख्रिस्ती’ घराण्यांतले अनेकजण जीव आणि व्यापार वाचवायला पूर्वेकडे आले, पण संशय त्यांच्या पाठोपाठ आला. जेरोनिमो दियाश या नवख्रिस्ती वैद्याला 1543 सालीच गोव्यात पाखंडी ठरवून ठार करण्यात आले. गोव्यात अनेक लोक ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे आणि मुसलमानी पंथाप्रमाणे वागतात, अशी तक्रार करून फ्रान्सिस झेवियर यांनी 1546 साली पोर्तुगालच्या राजाकडे इन्क्विझिशनची, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायासनाची, मागणी केली, आणि 1560 साली ते न्यायासन गोव्यात बसले. गार्सिया द ओर्ता हाही असाच वैद्य. 1534 साली तो गोव्यात आला, मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे खंडाने होते, आणि इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ 1563 साली गोव्यातच छापला गेला. 1568 साली तो वारला. त्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला अटक झाली आणि गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून 1569 साली तिला गोव्यात जाळण्यात आले. एवढ्याने भागले नाही. 1580 साली ओर्ताची हाडे थडग्यातून उकरून काढून तीही जाळली गेली. आज पणजीत चर्चसमोरच्या चौकातली बाग त्याच्याच नावाची आहे.

‘हे तर पोर्तुगीजांनी केले’ असे उत्तर येते. ते खरे आहे, पण दावा राज्यकर्त्यांविषयी नसून भूमीविषयी आहे, आणि मांडवीकाठचे जुने गोवे याच भूमीवर आहे. शिवाय, गोव्याच्या इन्क्विझिशनची आठवण आपण ठेवतो ती बाटवलेल्या घरांत जुन्या हिंदू चालीरीती पाळणाऱ्यांवर झालेल्या जुलमासाठी, आणि ती ठेवलीच पाहिजे. पण त्या यंत्रणेची मागणी करताना पहिले बोट ज्यू धर्माकडे दाखवले गेले होते, हे आपण सांगत नाही.

कोचीचे उदाहरण अर्धेच दिले जाते. तिथल्या राजाने ज्यूंना राजवाड्याशेजारी जागा दिली आणि 1568 साली ‘परदेशी’ नावाचे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, उभे राहिले, हे निर्विवाद आहे. पण त्याआधी 1524 साली कोचीच्या उत्तरेला असलेल्या कोडुंगल्लूरच्या ज्यूंवर हल्ला झाला होता, आणि 1662 साली पोर्तुगीजांनी ते सिनेगॉगही जाळले. पुढच्याच वर्षी कोची डचांच्या हाती गेल्यावर ते पुन्हा बांधता आले.

स्थलांतराविषयीचे विधान मात्र बव्हंशी बरोबर आहे. 1948 नंतर बेने इस्रायल गेले ते श्रद्धेपोटी आणि पोटापाण्यासाठी. त्यांना कोणी हुसकावून लावले नाही.

हिटलरविषयीचे विधान टिकत नाही. जर्मनीतून निसटणाऱ्या ज्यू डॉक्टरांना भारतात येता यावे म्हणून नेहरू धडपडत होते, त्याच सुमारास, 1939 साली, नागपुरातून प्रसिद्ध झालेल्या मा. स. गोळवलकर यांच्या पुस्तकात ज्यूंना बाहेर काढणाऱ्या जर्मनीचे वंशाभिमानाचे उदाहरण म्हणून कौतुक केले होते आणि त्यातून हिंदुस्थानने धडा घ्यावा असे म्हटले होते. पुढे संघाने त्या पुस्तकापासून स्वतःला दूर केले, परंतु विचार इथे उच्चारला गेला, छापला गेला आणि वाचला गेला. हिटलरच्या आत्मचरित्राची मराठी भाषांतरे आजही पुस्तकांच्या दुकानांत थोरांच्या चरित्रांच्या रांगेत मांडलेली दिसतात, आणि ‘शिस्त शिकावी तर त्याच्याकडून’ हे वाक्य शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून मी ऐकले आहे. 2006 साली खारघरमध्ये हिटलरच्या नावाचे उपाहारगृह उघडले आणि त्याच्या फलकावर स्वस्तिक झळकले. मुंबईतल्या ज्यू समाजाने निषेध केल्यावर ते नाव बदलले गेले. खारघर रायगड जिल्ह्यात येते, आणि नवगावही.