स्वस्त उदोन कोणाच्या जागेत शिजतं?

येत्या मे महिन्यात ठाण्याहून दादा आणि वहिनी आमच्याकडे ओसाकाला येताहेत. टोकियो, क्योतो, फुजी हे सगळं त्यांच्या टूरमध्ये आहेच. एक दिवस मात्र मी हट्टाने मागून घेतलाय. त्या दिवशी कागावा प्रांतात जायचं आणि तिथल्या साध्या, स्वस्त दुकानांत उदोन खायचं. गव्हाच्या जाड, लुसलुशीत शेवयांचा गरम वाडगा तीन-चारशे येनला, म्हणजे साधारण दोनशे रुपयांना मिळतो, असं मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं आणि वाद पेटला. चुलत भावाचं म्हणणं, जपानमध्ये सरकार कुणाला जेवू घालत नाही तरी जेवण स्वस्त आहे, आणि आपल्याकडे शिवभोजन थाळीवर पैसा उधळतात. मावशीने त्याला सुनावलं, "ज्याच्यावर दहा रुपयांत जेवायची वेळ येते, त्याला आधी विचार."

मी मावशीच्या बाजूची आहे. पण दोघांचंही भांडण ताटाच्या किमतीवर चाललंय. स्वस्त जेवण वर्षानुवर्षं टिकतं की नाही, हे दुकान कोणाच्या जागेत आहे यावर ठरतं, असं मला इथे राहून पक्कं वाटू लागलंय.

कागावा हा क्षेत्रफळाने जपानमधला सर्वांत लहान प्रांत. पाऊस कमी, त्यामुळे शेतीसाठी जागोजागी तळी बांधलेली. मान्नो-इके हे त्यातलं सर्वांत नावाजलेलं तळं. नवव्या शतकात कूकाई या बौद्ध भिक्षूने त्याची दुरुस्ती केली आणि चीनहून उदोनची विद्याही त्यानेच आणली, अशी तिथली आख्यायिका आहे. पाणी बेताचं म्हणून भातानंतर गहू घेत, आणि गहू होता म्हणून उदोन. आज एवढ्याशा प्रांतात उदोनची पाचशेच्या आसपास दुकानं आहेत. २०११मध्ये तर प्रांताने स्वतःची जाहिरातच 'उदोन प्रांत' म्हणून केली.

यातली जुनी, स्वस्त दुकानं बघण्यासारखी असतात. कित्येक मुळात हॉटेलं नव्हतीच; शेवया करून आसपास पुरवणारे ते छोटे कारखाने. कुणीतरी तिथेच उभ्याउभ्या खायला मागितलं, मग मालकाने चार बाकडी टाकली. घराला लागून पत्र्याची शेड, आत पिठाची गोणी, भलंमोठं उकळतं भांडं, आणि चटईखाली कणीक घालून ती पायाने तुडवणारा माणूस. गिऱ्हाईक रांगेत उभं राहून लहान की मोठं ते सांगतं. लहान म्हणजे शेवयांची एक गुंडाळी. काही ठिकाणी ती गुंडाळी लांब दांड्याच्या जाळीत घालून उकळत्या पाण्यात आपणच बुडवायची, झटकायची, वाडग्यात ओतायची. टाकीच्या नळातून सार घ्यायचं. वर कांद्याची पात, किसलेलं आलं, तळणातला चुरा. हवी असतील तर तेंपुराची भजी नगावर. पैसे द्यायचे, खायचं, वाडगा खिडकीत नेऊन ठेवायचा. दहा मिनिटांत माणूस बाहेर. शेवया संपल्या की दुकान बंद, मग दुपारचा एक वाजलेला असो की दोन.

म्हणून दिवस आखायचा तो पहाटेपासून. शिन-ओसाकाहून शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, ओकायामा पाऊण तासावर, तिथून मरीन लायनर ही गाडी सेतो ओहाशी पुलावरून समुद्र ओलांडून तासाभरात ताकामात्सूला, कागावाच्या मुख्य शहरात, सोडते. पूल १९८८चा, त्याआधी लोक बोटीने येत. खेडोपाडीच्या दुकानांना स्टेशन जवळ नाही, तेव्हा तिथल्याच कोतोहिरा गावची 'उदोन टॅक्सी' करणार आहे. तिच्या टपावर उदोनच्या वाडग्याचा दिवा असतो आणि चालकांना उदोनची परीक्षा द्यावी लागते. सुट्टीचा वार दुकानागणिक वेगळा, तो आधी बघायचा. सुटे पैसे जवळ ठेवायचे. आणि एका दुकानात लहान वाडगाच घ्यायचा, म्हणजे तीन दुकानं होतात.

वहिनी शाकाहारी आहेत, हा यातला खरा अवघड भाग. इथलं सार इरिकोचं, म्हणजे सुकवलेल्या छोट्या माशांचं. कागावातल्या इबुकी बेटाचा इरिको त्यासाठी प्रसिद्ध आहे. वास लागत नाही, म्हणून पुष्कळ भारतीय ते नकळत पितात. मला ते पटत नाही. घरचं माणूस आपल्या भरवशावर खातं, त्याला खरं सांगायलाच हवं. वहिनींसाठी किजोयू उदोन मागवायचं: नुसत्या शेवया आणि वर साधा सोया सॉस. बाटलीतल्या सॉसमध्येही कधीकधी माशांचा अर्क असतो, तेव्हा विचारून घ्यायचं. कामातामा या उदोनच्या प्रकारात कच्चं अंडं असतं, तेही नको. भजी एकाच तेलात तळतात. उरतं ते थोडं, पण ताज्या शेवया, आलं आणि सॉस एवढ्यावरही पोट समाधानाने भरतं.

आता त्या वादाकडे. चुलत भाऊ काहीही म्हणो, इथलं सरकार यातून बाजूला झालेलं नाही. उदोनचा बराचसा गहू ऑस्ट्रेलियातून येतो, आयात गव्हाचा मोठा भाग सरकार स्वतः विकत घेऊन गिरण्यांना विकतं, आणि तो दर वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये, ठरतो. दुसरं म्हणजे मजुरी. २०२५च्या वाढीनंतर जपानच्या प्रत्येक प्रांतात किमान वेतन तासाला हजार येनच्या वर गेलं. म्हणजे सर्वांत कमी पगाराच्या माणसालाही तासाभराच्या कामात दोन-तीन वाडगे उदोन येतं. आपल्याकडे सोसायटीच्या गेटवर बारा तास उभ्या असलेल्या वॉचमनने एका तासाच्या पगारात ठाण्यात काय खावं? दोन वडापाव, फार तर तीन. ही तुलना केल्याशिवाय शिवभोजनाला उधळपट्टी म्हणू नये.

आणि तरीही नुसत्या योजनेवर माझा भरवसा नाही. १९९५मध्ये युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर आणली. केंद्रांसाठी मोक्याच्या जागा दिल्या, आणि पुढे त्यातल्या कित्येक जागांवर वडे-डोसे, चायनीज विकलं जाऊ लागलं. शिवभोजन २६ जानेवारी २०२०ला सुरू झालं. दोन चपात्या, भाजी, वरण, भात. शहरात थाळीचा हिशेब ५० रुपये, त्यातले दहा जेवणाऱ्याचे, बाकीचे सरकारचे. टाळेबंदीत या थाळीने असंख्य लोकांना जगवलं, हे विसरून चालणार नाही. पण केंद्रचालकांची बिलं थकल्याच्या आणि योजना गुंडाळणार अशा बातम्या गेली काही वर्षं येतच आहेत. सगळा डोलारा दर वर्षीच्या तरतुदीवर. तरतूद आटली की चूल विझते.

आपल्याकडे सरकारच्या पैशांशिवाय चालणारं स्वस्त जेवण नव्हतं का? होतं, गिरणगावात. लालबाग-परळच्या चाळींतल्या बायका आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा-वीस गिरणी कामगारांना महिन्याच्या हिशेबाने जेवू घालत. माझे थोरले काका कोकणातून आले ते अशाच खानावळीत जेवले. पाळीनुसार पंगत, ताट ज्याने त्याने विसळायचं, उधारी पगारापर्यंत. या बायका सावकाराच्या व्याजात अडकलेल्या बघून गोवा मुक्तिलढ्यात उतरलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. ते अनुदान नव्हतं, बायकांनी फेडलं. पण त्या सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट होती: चाळीतल्या खोलीचं भाडं १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने जागच्या जागी धरून ठेवलेलं होतं. कागावाच्या म्हाताऱ्याची शेड त्याच्या स्वतःच्या जमिनीवर, गिरणगावातल्या खानावळवाल्या बाईची चूल जुन्या भाड्याच्या खोलीत. दोघांनाही जागेपायी दर वाढवावा लागला नाही.

१९८२चा संप झाला, गिरण्या बसल्या, मग जमिनींचा वाद आला. १९९१च्या नियमाने गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे करायचे ठरले: मोकळी जागा, म्हाडा आणि मालक. २००१च्या दुरुस्तीने ती वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती उरली. घरांसाठी कामगार लढले, बागांसाठी संस्था कोर्टात गेल्या, योग्यच केलं. खानावळीच्या गाळ्याची मागणी मात्र त्या वादात मी तरी कधी ऐकली नाही. आज तिथल्या टॉवरांत काम करणारे सफाईवाले, डिलिव्हरीवाले, हाउसकीपिंगच्या मुली दुपारी जेवतात कुठे? जिन्यात, गाडीवर बसून, नाहीतर फुटपाथवर.

कागावातही सगळं आलबेल नाही. मालक सत्तरी ओलांडलेले, मुलं ओसाका-टोकियोत, पहाटे तीनला उठून कणीक तुडवायला पुढे कोण येणार? म्हणून दादा-वहिनींना मला आत्ताच न्यायचंय. पीठ महागलं तशा किमतीही चढल्यात. पण तिथे दुकान बंद पडतं ते माणूस थकला म्हणून. आमच्याकडे हात धडधाकट असतात, गिऱ्हाईक दारात उभं असतं, आणि गाळ्याचं भाडं परवडत नाही म्हणून चूल बंद होते.

तेव्हा ग्रुपवर मी एवढंच लिहिलंय: थाळी बंद करू नका, आणि त्यावरच थांबूही नका. मंडईची पुनर्बांधणी होते, एसटी स्टँड नव्याने बांधतात, झोपडपट्टीच्या जागी टॉवर उठतात, तिथे तळमजल्यावर चार गाळे खानावळीसाठी राखा. भाडं लिलावाने ठरवू नका, परवडेल असं बांधून द्या. बचत गटाच्या बायकांना वीस वर्षांच्या कराराने द्या, आणि चायनीजची पाटी लागली तर गाळा काढून घ्या. पाण्याचा नळ आणि भांडी घासायची मोरी आतच हवी. दादा ठाण्यात नगरसेवकाला ओळखतो. त्याने इथून परत गेल्यावर हे त्यांच्याकडे लेखी द्यावं, अर्ज मी लिहून देते.