कान लागला, तिकीट लागलं

माझा मुलगा चार वर्षांचा आहे. अगदी काटेकोर बोलायचं तर चार वर्षं नऊ महिने. जन्म नोव्हेंबर 2020. कोविडातलं बाळंतपण होतं, तेव्हा ती तारीख मी मेले तरी विसरणार नाही. एसटीचा नियमही सरळ आहे: पाच वर्षांच्या आत फुकट, पाच ते बारा अर्धं तिकीट. चार हे पाचाच्या आधी येतात, हे चिरंजिवांना स्वतःलासुद्धा म्हणून दाखवता येतं. तरीही गेल्या शनिवारी स्वारगेट-वाई गाडीत मी त्याचं अर्धं तिकीट काढलं. ते अजून पर्समध्ये आहे. फेकवत नाही.

सगळा घोळ उंचीचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात पाच वर्षं पूर्ण झालेल्या मुलाची सरासरी उंची 110 सेंटीमीटर दिलेली आहे. आमचं ध्यान पाच पूर्ण व्हायच्या आधीच 118 वर पोचलंय. माझं सासर दारातून वाकून आत येणाऱ्या माणसांचं आहे, त्याला मी काय करू? उंच मुलाचं कौतुक फक्त फोटोत होतं. एरवी त्याने सात वर्षांच्या मुलासारखं वागावं अशी जगाची अपेक्षा असते. दुकानात फतकल मारून रडला की चार अनोळखी बायका थांबून म्हणतात, "एवढा मोठा घोडा झाला आणि रडतो!" अहो, घोडा नाही, शिंगरू आहे ते. त्याच्याच वयाचा शेजारचा बुटका मुलगा लिफ्टची सगळी बटणं दाबतो, तेव्हा तो "गोड" असतो.

तर ती गाडी. लाल परी, श्रावणातला शनिवार, पाय ठेवायला जागा नाही. नवऱ्याला ऑफिस होतं. आमच्याकडे माझ्या माहेरी जायच्या दिवशी नेहमीच ऑफिस असतं. मला खिडकीजवळची जागा मिळाली, मुलगा मांडीवर. मांडीवर म्हणजे पार्श्वभाग मांडीवर, पाय समोरच्या सीटखाली आणि डोकं माझ्या नाकात. शेजारी एक आजोबा. पांढरी टोपी, पांढरा लेंगा, कपाळाला बुक्का. आमच्या दोघांच्या मधे त्यांची पिशवी. गच्च भरलेली, सीटवर ऐसपैस बसलेली.

कंडक्टर आले. मी म्हटलं, "एक वाई. माझं हाफ." मार्च 2023 पासून बायकांना अर्ध्या तिकिटाची सवलत आहे, त्यामुळे सरकारच्या लेखी मी आणि बारा वर्षांचं पोर एकाच किमतीचे आहोत. पण ते जाऊ दे. आजोबांनी आधार कार्ड काढून दाखवलं. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना ऑगस्ट 2022 पासून प्रवास मोफत आहे, त्यांना शून्य रुपयाचं तिकीट मिळतं. मिळालं. पुढच्या सीटवर दोन मावश्या, हाफ. त्यांच्या पुढचे काका पासष्टीचे, तेही हाफ. आमच्या आसपास पूर्ण पैसे मोजलेला एकच प्राणी होता, पलीकडच्या सीटवरचा कॉलेजचा मुलगा. तो कानात बोंडं घालून झोपलेला होता. या प्रकरणात तक्रार करायचा नैतिक हक्क खरं तर त्या एकट्याला होता. त्याने शेवटपर्यंत डोळे उघडले नाहीत. देव त्याचं भलं करो.

"आन् बाळाचं?" कंडक्टरनी विचारलं.

"चार वर्षांचा आहे."

कंडक्टर पुढे सरकलेसुद्धा होते. तेवढ्यात शून्य रुपयेवाले आजोबा म्हणाले, "चार?"

एका शब्दात किती अविश्वास मावतो! त्यांनी मुलाकडे वरून खाली पाहिलं. मग खालून वर पाहिलं, तेव्हा त्यांना जरा मान वर करावी लागली. "कंडक्टर, थांबा वो जरा. ह्यो चारचा न्हाई."

मी म्हटलं, "आजोबा, चारचाच आहे. मीच जन्म दिलाय."

"ते खरं. पर दिसत न्हाई."

पुढच्या मावशी सबंध वळल्या. "माझा नातू साताचा हाय. ह्याच्या खांद्याला लागंल." नातू गाडीत नव्हता, त्यामुळे ही साक्ष तपासता आली नाही. आजोबांनी आता थेट आरोपीलाच प्रश्न केला. "काय रं बाळा, कितवीत हाईस?"

"मी मोठ्या गटात आहे!" आरोपी छाती काढून म्हणाला.

"झालं!" आजोबांनी मांडीवर थाप मारली. "मोठा गट म्हंजे पाच."

आता इथे मला बोलावंच लागलं. आपल्या राज्यात शाळाप्रवेशाला वय 31 डिसेंबरचं धरतात. डिसेंबरअखेर पाच पूर्ण होणार असतील तर मूल जूनमध्ये मोठ्या गटात बसतं, मग जूनमध्ये ते साडेचारचं का असेना. म्हणजे शिक्षण खातं मुलाला पुढच्या तारखेचा चेक समजून आत्ताच वटवतं आणि एसटी म्हणते रोख दाखवा. हे सगळं मी कात्रजच्या चढावर, उभ्या माणसांच्या काखेखालून, पोराचं डोकं नाकाशी घेऊन समजावून सांगितलं. शांतपणे सांगितलं. निदान सुरुवात शांतपणे केली. आजोबांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते असू दे. कान लावून बघू."

ज्यांना ही कसोटी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जन्मदाखले नव्हते त्या काळात गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला लावायचे. हात कानाला पोचला की पोर शाळेच्या वयाचं. लहान मुलांचं डोकं मोठं आणि हात आखूड असतात, त्यामुळे यात थोडं तथ्य आहेही. पण हे तथ्य सरासरी मुलाचं. आमच्या घरातल्या हातांचा सरासरीशी संबंध नाही. फडताळाच्या वरच्या फळीवरचे लाडूसुद्धा या हातांपासून सुरक्षित नसतात.

"आजोबा, नको," मी म्हटलं.

पण पोराला खेळ मिळाला होता. पुण्यापासून त्याला कुणी काही करू दिलं नव्हतं. खिडकीतून हात काढू नको, दांडा चाटू नको, काकांचे केस ओढू नको. आता एक सबंध आजोबा त्याला काहीतरी करायला सांगत होते. त्याने हात डोक्यावरून टाकला. सगळी गाडी बघायला लागली. उभे होते ते वाकले. ड्रायव्हरनेसुद्धा आरशात बघितलं असं मला वाटलं आणि पोटात गोळा आला, कारण समोर कात्रजचा बोगदा होता. मी मनात म्हणत होते, नको रे बाबा, आयुष्यात एकदा तरी आखूड हो.

"लागला!" मावशी ओरडल्या. "कान लागला!"

नुसता लागला नव्हता. चिरंजिवांनी कानाची पाळी धरून दोनदा ओढून दाखवली. मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

कंडक्टर बिचारे मशीन धरून उभे. त्यांचंही मला कळतं. विनातिकीट प्रवासी निघाला तर पुढे चेकर त्यांनाच धरणार. ते म्हणाले, "ताई, जन्माचा दाखला हाय का? नायतर आधार?"

होता की! निळं आधार. पाच वर्षांच्या आतल्या मुलांचं आधार कार्ड निळं असतं, त्याला बोटांचे ठसे लागत नाहीत. त्याचा फोटो माझ्या फोनमध्ये होता. फक्त त्याच फोनमध्ये या मुलाचे पालथा पडतानाचे, रांगतानाचे, वरण फासून बसलेले, झोपलेले आणि झोपायला नकार देतानाचे काही हजार फोटो आहेत. त्यातून आधार शोधत मी खाली खाली जात होते. बोगद्यात रेंज गेली. आजोबांना भरपूर वेळ मिळाला.

"आमचं कुठं व्हतं आधार," ते मावशींना सांगू लागले. "गुरुजींनी कान लावून बघितला आन् एक जून लिवला. आमच्या वर्गात निम्मी पोरं एक जूनची." हे मात्र खरं आहे. त्या पिढीत महाराष्ट्रातल्या शाळांमधून 1 जूनला जन्मलेल्या मुलांचा जो महापूर आलेला दिसतो, तो सगळा गुरुजींच्या टाकातून आलेला आहे. आजोबांचं आधार अजून त्यांच्या हातातच होतं. 1/6/1949.

मग ते भूकंपावर घसरले. कोयनेचा, 11 डिसेंबर 1967, पहाटे. घराची भिंत कशी पडली, गाय कशी हंबरली, आणि "मी तवा सातवीत व्हतो, दुसऱ्या दिवशी चाचणी व्हती ती बुडाली, लई बरं वाटलं."

माझा अंगठा फोनवर थांबला. गणितात मी कधीच हुशार नव्हते, पण अपमान झाला की मला आकडे पटापट जमतात.

"आजोबा, तुम्ही 1949चे. 1967 साली सातवीत. म्हणजे सातवीत तुम्ही अठरा वर्षांचे होता?"

गाडी क्षणभर गप्प झाली. मला वाटलं, जिंकले. सातवीतला मुलगा बारातेराचा असतो. म्हणजे हे गृहस्थ आज फार तर सत्तरएकाहत्तरचे. सवलत निम्म्या तिकिटाची, आणि बसलेत शून्यावर!

आजोबा जराही हलले नाहीत. "तवा पोरं उशिरा घालायची शाळंत," ते म्हणाले. "आन् मी नापास बी लई वेळा झालो."

गाडी हसली. त्यांच्या बाजूने हसली, हे महत्त्वाचं. आणि मग त्यांनी ते आधार माझ्यासमोर धरलं. "माझ्याकडं कागद हाय, पोरी. तुझ्याकडं हाय का?"

हे मला अजून पचलेलं नाही. त्यांचं वय कागदावर ठरणार, मग तो कागद कुणी अंदाजाने का लिहिलेला असेना. माझ्या मुलाचं वय कानावर ठरणार, आणि ते सांगणारी त्याची आई समोर जिवंत बसलेली असताना. नवरा बरोबर असता तर एवढी चौकशी झाली असती का? त्याने भारदस्त आवाजात "चार" म्हटलं असतं आणि कंडक्टर पुढे गेले असते. बाईने सांगितलेलं वय मात्र सगळ्या गाडीने मिळून तपासायचं असतं. मूल पोटात असल्यापासून हे चालू आहे. पपई खाऊ नको, टोपरं का नाही घातलं, अजून बाटली देतेस? एकदा मूल झालं की आईच्या अंगावर सार्वजनिक वाचनालयाचा शिक्का बसतो. कुणीही यावं, पानं चाळावीत, शेरा मारून जावं.

"द्या हाफ," मी कंडक्टरना म्हटलं. शंभराच्या आतली रक्कम. पैशाचा प्रश्न नव्हताच. नाही, होता. थोडासा होताच.

मशीनमधून तिकीट कर्रकन बाहेर आलं. मुलाने ते दोन्ही हातांनी घेतलं. आयुष्यातलं पहिलं तिकीट! त्याला काय, त्याचा सत्कारच झाला होता.

मग मला सुचलं. "कंडक्टर, आता तिकीट आहे ना त्याचं? मग त्याला सीट पाहिजे."

कंडक्टरनी आजोबांच्या पिशवीकडे पाहिलं. मावशींनी पिशवीकडे पाहिलं. पिशवीचं ना हाफ होतं, ना शून्याचं. आजोबांनी ती उचलली, आधी मांडीवर घेतली, मग जड झाली म्हणून पायांत ठेवली, आणि मग पाय ठेवायला जागा उरली नाही म्हणून खंबाटकीपर्यंत गुडघे हनुवटीला लावून बसले. मधे माझा मुलगा पैसे भरलेल्या नागरिकाच्या थाटात पसरला आणि त्याने त्यांची उलटतपासणी सुरू केली. तुमचे दात कुठे गेले? भूकंप परत कधी येणार? गाय पण पडली का? तुमचं तिकीट केवढ्याचं? शून्य म्हणजे किती? शून्य म्हणजे काहीच नाही, मग तुम्ही तिकीट काढलंच नाही? मी एरवी "आजोबांना त्रास देऊ नको" म्हणते. त्या दिवशी मी खिडकीबाहेरचा निसर्ग बघितला. श्रावणात शिरवळच्या पुढे फार हिरवं असतं.

घाटात एकदाचं ते निळं आधार सापडलं. मी विजयी मुद्रेने फोन कंडक्टरपर्यंत पोचवला. ते म्हणाले, "बरोबर हाय तुमचं ताई, पर तिकीट निघालं की मशीन परत घेत न्हाई." फोन परत येताना वाटेत आजोबांनी थांबवला. चष्मा वर करून बराच वेळ फोटो पाहिला. आधार काढलं तेव्हा मुलगा तीन महिन्यांचा होता.

"ह्यो कुनाचा?" ते म्हणाले. "ह्याला तर दात बी न्हाईत."

वाईला स्टँडवर आई घ्यायला आली होती. मी रिक्षात बसेपर्यंत सगळं सांगून टाकलं: कान, कोयना, 1949, सगळं. तिने शांतपणे ऐकलं, नातवाच्या हातातलं तिकीट बघितलं आणि मलाच झापलं.

"तू वय किती सांगितलंस?"

"चार! खरं तेच."

"हेच चुकतं तुमचं. चार म्हटलं की लोक पाच धरतात. तीन सांगायचं."