सॉफ्टवेअर घेतलं म्हणजे झालं?

कोल्हापूरजवळची शिरोली एमआयडीसी काय, गोकुळ शिरगाव काय, फौंड्रीत (धातू ओतायच्या कारखान्यात) ईआरपी, म्हणजे स्टॉकपासून हिशेबापर्यंत सगळं एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर, सुरू करायचं म्हटलं की मुहूर्त ठरलेला: १ एप्रिल. मार्चअखेरच्या डिस्पॅचच्या रेट्यात ओपनिंग स्टॉक मोजणार कोण? मग जुन्या एक्सेलमधला आकडा तसाच ढकलायचा. आयटम मास्टरमध्ये, म्हणजे मालाच्या मूळ यादीत, एकच कास्टिंग (ओतीव भाग) तीन नावांनी: 'पंप बॉडी', 'बॉडी पंप', 'पंप बॉडी नवीन'. आठवड्यात स्टॉक मायनसमध्ये, आणि खापर सॉफ्टवेअरवर!

भट्टीवरच्या माणसाला कुणी विचारलंय का? हीट नंबर (भट्टीतल्या एका वितळवणीचा क्रमांक), आणि चार्जमधलं, म्हणजे भट्टीत टाकलेलं, पिग आयर्न, स्क्रॅप, रिटर्न्स (परत वितळवायचा आपलाच माल) यांची वजनं तो खडूनं पाटीवर लिहितो. ऑफिसातला पोरगा संध्याकाळी ती अंदाजानं भरतो. पुढं ग्राहकाकडून ब्लोहोलची (कास्टिंगमध्ये वायूमुळे पडलेल्या भोकाची) तक्रार आली की नेमकी हीट सापडत नाही, आणि एका हीटऐवजी अख्ख्या दिवसाचा माल अडकतो. भट्टीजवळ एक टॅब्लेट आणि हीट नंबर टाकल्याशिवाय पुढं न सरकणारा फॉर्म, एवढंच तर पाहिजे होतं. पण पैसे गेले मालकांच्या रंगीत डॅशबोर्डवर.

महिनाभर जुनं-नवं सोबत चालवा म्हटलं की, "डबल काम कोण करणार?" बॅकअप? त्याच सर्व्हरच्या दुसऱ्या ड्राइव्हवर. सर्व्हर तळमजल्यावर. अहो, २०१९ आणि २०२१ चा महापूर बघितलेला जिल्हा आहे हा! आणि घेतलेला बॅकअप परत चढवून बघितलाय कुणी? नाव नको. लायसन्सच्या घासाघिशीला मात्र मीटिंगवर मीटिंग.