दादाची बीपीची गोळी

मे महिन्यात दादा आंबे उतरवून घरी आला, माठातलं पाणी घ्यायला वाकला आणि सरळ होता होता ओटीवरच आडवा झाला. मिनिटभरात शुद्धीवर आला. "ऊन लागलं गं," म्हणाला. वहिनीने कांदा फोडून नाकाशी धरला.

ऊन लागलंच होतं, पण नुसतं ऊन नव्हतं. आदल्या आठवड्यात त्याचं बीपी १६०/१०० निघालं म्हणून दोन गोळ्या सुरू झाल्या होत्या. एक रक्तवाहिन्या सैल करणारी, दुसरी लघवी वाढवणारी. गावात निम्म्या घरांत याच गोळ्या असतील आणि लोकांना त्या उत्तम लागू पडतात. दादाच्या हृदयाचा मधला पडदा मात्र इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, १९ मिलीमीटर जाड निघाला. १५ च्या वर गेला की डॉक्टर सावध होतात. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, म्हणजे हृदयाचा स्नायूच जाड होण्याचा आजार. हे नाव तोंडात बसायलाच मला दोन दिवस लागले, आणि साधारण पाचशे माणसांत एकाला हा आजार असतो म्हणे.

रत्नागिरीत इको करणाऱ्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं, पण दादाच्या डोक्यात शिरेना. मग मीच म्हटलं, आपल्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे ना? भरतीला होडी त्याच्यावरून सहज जाते, ओहोटीला तळ घासतो. तुझ्या हृदयात तसा दांडा आहे. रक्त भरलेलं असलं की वाट मोकळी. घामाने पाणी गेलं, वर एका गोळीने वाहिन्या सैल केल्या, दुसरीने उरलंसुरलं लघवीवाटे काढलं, की ओहोटी. पडदा आणि झडप जवळ येतात आणि रक्ताची वाट अडते. हे ऐकून डॉक्टर हसले, म्हणाले, आता मीपण असंच सांगेन.

या आजाराच्या सगळ्यांच्या हृदयात असा अडथळा नसतो. ज्यांना नाही, त्यांना त्याच गोळ्या डॉक्टर देऊ शकतात. बीपी सोडून द्यायचं असाही अर्थ नाही. दादाला आता बीटा ब्लॉकर नावाची गोळी आहे, तिने ठोके सावकाश पडतात, हृदय नीट भरतं. ती मनाने एकदम बंद करायची नाही, हे वहिनीला दोनदा बजावलंय. सुकट नि खारवलेला बांगडा बंद. त्यावरून घरात जे महाभारत झालं ते इथे लिहीत नाही.

मला राग गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांचा नाही. बरं, थोडा आहे. छातीला नळी लावली असती तर कदाचित आवाज ऐकू आला असता. पण जास्त राग आमचाच येतो. आमचे बाबा ४४ व्या वर्षी अंगणात पडले ते उठलेच नाहीत. आम्ही वीस वर्षं "अटॅक" म्हणत आलो आणि दवाखान्यात कोणालाच सांगितलं नाही. डॉक्टरांनी विचारलं नाही, आम्ही बोललो नाही. बीपीची पहिली गोळी घेण्याआधी एवढं एक वाक्य बोलायला काय जात होतं? शिवाय बीपीनेही हृदय जाड होतं, त्यामुळे इकोचा कागद हातात असूनही "बीपीचंच आहे" म्हणून खरा आजार नजरेआड होऊ शकतो. घरात कोणी असं अचानक गेलं असेल तर ते सांगाच.

हा आजार बहुधा आईकडून किंवा वडिलांकडून येतो. ज्याला आहे त्याच्या प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी. दादाचा मुलगा टेनिस बॉल क्रिकेटमधला गावचा हिरो, त्याने नाक मुरडत का होईना इको केला. माझाही झाला. आत्या मात्र ऐकायला तयार नाही. "पोरीचं जमवायचंय, कशाला कागद करतेस? कोणी स्थळ आणेल का मग?" बाबांची सख्खी बहीण बोलतेय हे!

आतेबहिणीला मी परस्पर फोन केला. गुरुवारी सकाळच्या एसटीने दोघी रत्नागिरीला जातोय. आत्याला सांगितलंय, साड्या बघायला.